“आता या वयात?”

हे तीन शब्द ऐकले की आता डोक्यात तिडीक जाते. मी ५३ वर्षांची आहे आणि महिनाभरापासून पोहायला शिकतेय. काल ओले केस पुसत जिना चढत होते, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, पोहायला? आता या वयात?” परवा नणंद, त्याआधी जाऊ. सगळ्यांचं एकच पालुपद!

चौदाव्या वर्षी आजोळच्या विहिरीत मामाने भावांच्या पाठीला सुके भोपळे बांधून त्यांना धडाधड पाण्यात सोडलं. मला काय, तर “तू आता मोठी झालीस, काठावर बस.” सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसले होते मी. मग विशीत “लग्नानंतर बघ”, तिशीत “पोरं लहान आहेत”, चाळिशीत लेकीची दहावी. अहो, मग माझं वय होतं तरी कधी?

१८५८ साली जन्मलेले महर्षी कर्वे १९२९ मध्ये परदेश दौऱ्यावर निघाले. सत्तरी ओलांडली होती हो त्यांनी! आणि मी तर चार फूट पाण्यात उतरतेय.

नाकातोंडात पाणी जातं, क्लोरीनने डोळे चुरचुरतात, घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडतात. पण गुरुवारी कठड्याचा हात सुटला आणि मी बुडाले नाही. चार हात मारले, एकटीने! हे सांगायला तोंड उघडलं, तर समोरून पुन्हा तेच तीन शब्द.

उद्या साडेसहाची बॅच आहे. वहिनी, जिन्यात भेटलात तर एवढंच विचारा, “पाणी गार होतं का गं?”