सकाळी ११ सीएसटी

भावाचा मेसेज आला, "ताई, शनिवारी बारसं, सकाळी ११ सीएसटी. आत्या तू, नाव तूच सांगायचंस, व्हिडिओ कॉलवर." आता ठाण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला सीएसटी म्हटलं की काय आठवणार, मला फास्ट लोकल आठवली. त्याचंही आता सीएसएमटी झालंय आणि आमच्या आईच्या तोंडात अजून व्हीटीच आहे ते सोडा. पण भाऊ शिकागोला असतो, म्हणजे हे सीएसटी वेगळं, तिथल्या वेळेचं नाव, इतकं कळण्याएवढी मी हुशार आहे. पुढचा सगळा घोळ माझ्या हुशारीनेच झालाय हे आत्ताच सांगून ठेवते.

त्याला कारण आहे. मे महिन्यात ऑफिसात एका क्लायंटचं निमंत्रण आलं, १० एएम आयएसटी. आयएसटी म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम, आणखी काय! मी साडेनऊला केस विंचरून, मागचे वाळत घातलेले कपडे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशी खुर्ची लावून दहाला हजर. कोणी नाही. सव्वादहा, कोणी नाही. साडेदहाला मी स्क्रीनवर एकटीच माझ्याकडे बघत बसलेली, चहा गार. मेल टाकला तर उत्तर दुपारी आलं, की अहो मीटिंग आत्ता सुरू होतेय, या ना. क्लायंट डब्लिनचा! आयर्लंडमध्ये आयएसटी म्हणजे आयरिश स्टँडर्ड टाइम, त्यांचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. आणि गंमत बघा, घड्याळ बदलणारे बहुतेक देश हिवाळ्यातल्या वेळेला स्टँडर्ड म्हणतात आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, आयर्लंडच्या कायद्यात मात्र उन्हाळ्यातली वेळ स्टँडर्ड आणि हिवाळ्यात ते एक तास मागे जातात. वर इस्रायलचंही आयएसटीच. तीन देश, एक नाव, शाळेत एका वर्गात तीन स्नेहल असायच्या तसं, फक्त इथे आडनाव लावायची पद्धत नाही.

तेव्हापासून मी ताक फुंकून प्यायला लागले. कुठलीही तीन अक्षरं दिसली की त्यांचं गोत्र काढायचं. सीएसटी म्हणजे अमेरिकेतलं सेंट्रल, चीनचं चायना, आणि क्युबाचंही. बीएसटी म्हणजे ब्रिटिश समर किंवा बांगलादेश स्टँडर्ड. नवरा म्हणाला, भावाला फोन करून विचार ना सरळ, पण फोन करून विचारणं हे न वाचणाऱ्यांचं काम, मी वाचत होते.

वाचता वाचता कळलं की या सगळ्या वेळांचीसुद्धा बारशीच झालीयेत, आणि सगळीकडे भांडणं. सगळ्यात भारी यूटीसीचं. जगभरातल्या प्रयोगशाळांमधली अणुघड्याळं एकमेकांशी जुळवून जी वेळ काढतात तिचं नाव ठेवायचं होतं. इंग्रजीवाले म्हणाले कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम, म्हणजे सीयूटी. फ्रेंच म्हणाले तां युनिव्हर्सेल कोऑर्डोने, म्हणजे टीयूसी. आईकडचे एक नाव घेऊन बसलेत, बाबांकडचे दुसरं, पाळणा मध्येच लटकलेला. शेवटी ठरलं यूटीसी, जे इंग्रजीतही नीट लागत नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. दोघेही सारखेच नाराज, म्हणून भांडण मिटलं. आमच्याकडे चुलतभावाचं नाव असंच ठेवलंय, आजतागायत त्याला सगळे बंड्या म्हणतात.

फ्रेंचांचा राग जुना आहे म्हणा. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये पंचवीस देश जमले, शून्य रेखांश कुठला धरायचा, म्हणजे जगाची वेळ कुठून मोजायची, यावर. बावीस जणांनी लंडनच्या ग्रीनिचला मत दिलं, सांतो दोमिंगोने (आताचं डोमिनिकन रिपब्लिक) विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील गप्प बसले. फ्रान्स नुसता गप्प बसला नाही तर तब्बल १९११ पर्यंत पॅरिसच्याच वेळेवर चालला, आणि मग कायदा केला तो असा, की आमची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली. ती बरोब्बर ग्रीनिचची वेळ! पण ग्रीनिच हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांची आठवण झाली मला, त्यासुद्धा उखाण्यात घ्यायच्या, यांनी तेवढंही नाही.

हे सगळं मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होते, आई बारशासाठी माझ्याकडेच आली होती. ग्रीनिच मीन टाइम म्हटल्यावर तिने चष्मा वर केला. "मीन? आणि लग्न कुठलं?" अगं मीन म्हणजे रास नव्हे, सरासरी! सूर्य वर्षभर रोज एकाच ठोक्याला डोक्यावर येत नाही, कधी पाव तास आधी, कधी तितकाच नंतर, म्हणून सरासरी काढतात. "मग आम्ही पंचांगात वेगळं काय करतो," असं म्हणून ती आत गेली आणि एक पिवळं पाकीट घेऊन आली.

आत आजोबांची लग्नपत्रिका, १९३८ सालची. घड्या पडून पडून चार तुकडे झालेली, एका कोपऱ्याला अजून कुंकवाचा डाग. मुहूर्ताच्या ओळीत वेळ दोनदा छापलेली, एकदा स्टँ. टा. आणि शेजारी मुं. टा. मी म्हटलं हे काय, दोन लग्नं होती का? तर सरकारने १९०६ पासून सगळ्या देशाला एक वेळ लावली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती चार तास एक्कावन्न मिनिटांची, म्हणजे स्टँडर्डच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि मुंबईकरांनी ती काही सोडली नाही. थेट १९५५ च्या आसपासपर्यंत मुंबई टाइम जिवंत होता. आई म्हणाली, आजोबांना कोणी उशीर झाला म्हटलं की ते म्हणायचे, "मुंबई टाइमने वेळेत आहे." आणि आज माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये काय, तर एशिया/कोलकाता. एकोणचाळीस मिनिटांसाठी पन्नास वर्षं भांडलो आणि शेवटी नाव लागलं कोलकात्याचं, हे आजोबा नाहीत तेच बरं.

असो. तर सीएसटी. अमेरिकेतही आधी गावागणिक वेळ होती, आगगाड्यांच्या वेळापत्रकांचा चिवडा व्हायचा, म्हणून रेल्वे कंपन्यांनी ऑक्टोबर १८८३ मध्ये मीटिंग घेऊन ठरवून टाकलं आणि १८ नोव्हेंबरला घड्याळं बदललीसुद्धा. सरकारला कायदा करायला १९१८ उजाडलं. ती मीटिंग कुठे झाली? शिकागोत! मला इतका आनंद झाला की मी भावाला लिंक पाठवली, त्याने अंगठा दाखवला. नावं अगदी सरळ, ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक. मी नियमाप्रमाणे बघितलं, सेंट्रल स्टँडर्ड म्हणजे यूटीसीच्या, म्हणजे जवळपास ग्रीनिचच्याच, सहा तास मागे. सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं.

शनिवारी साडेदहाला आम्ही सज्ज. मी नऊवारीत, फोन डब्यांना टेकवून, आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालायला आई आणि शेजारच्या दोन काकू मुठी वळून मागे उभ्या. कॉल लागला. समोर प्लेट हातात घेऊन भाऊ, तोंडात श्रीखंड. मागे पाळण्याचे फुगे कोणीतरी काढत होतं.

"ताई, होतीस कुठे तू? किती फोन लावले!"

फोन सायलेंटवर होता, मुहूर्ताला वाजू नये म्हणून.

तर झालं असं की जुलै महिना. उन्हाळ्यात शिकागोत सीएसटी नसतंच, सीडीटी असतं, डेलाइटचा डी, आणि ते यूटीसीच्या पाचच तास मागे. त्यांचे अकरा म्हणजे आपले साडेनऊ. मी म्हटलं, अरे मग तसं लिहायचं ना! "ताई, इथे सगळे बारा महिने सीएसटीच लिहितात, कोण बघतंय मधलं अक्षर?" मी बघतंय. अख्ख्या खानदानात मी एकटी बघतंय.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं म्हणून शेजारच्या तेलुगू काकूंना आत्या केलं. त्यांनी 'कुर्रर्र' फार छान म्हटलं म्हणे, धपाटेही खाल्ले, नंतर विचारलं की हे प्रत्येक वेळी असतं का. भाचा झोपला होता. मी तरी म्हटलं, फोन त्याच्या कानाशी धर, आणि घातली एकदा कुर्रर्र. त्याने डोळे उघडले, माझ्या नथीकडे बघितलं आणि असा काही टाहो फोडला की भावजयीने फोन उलटा ठेवला.

इकडे काकू मुठी सोडून वाटीतलं श्रीखंड खायला लागल्या. मी नथ काढत होते. आईने पत्रिका परत पाकिटात घातली, घड्याळाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं, आणि म्हणाली, "मुंबई टाइमने तू एकवीसच मिनिटं उशिरा आलीस गं."