रंग उडाला म्हणजे पाणी सुधारलं का?

नमस्कार. कापड उद्योगाच्या सांडपाण्यातले रंग इलेक्ट्रोडने मोजण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिरकस असली तरी मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं, की रंग डोळ्यांना दिसतो, न दिसला तर स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाणी कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे, मग इलेक्ट्रोडची उठाठेव कशाला? शिवाय खऱ्या सांडपाण्यात इलेक्ट्रोड टिकत नाही, म्हणजे सगळं शोधनिबंधापुरतंच.

पहिलं मला मुळीच पटत नाही. कापडाच्या रंगांत निम्म्याहून जास्त अ‍ॅझो रंग. दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध हा त्यांच्या रंगाचा कणा. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणू नेमका तोच तोडतात. पाणी नितळ दिसतं, दृश्य प्रकाशात स्पेक्ट्रोफोटोमीटरला काही सापडत नाही, आणि मागे उरतात अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे रंगाच्या रेणूचे नायट्रोजनवाले तुकडे. त्यांतल्या बेंझिडीनने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध आहे. अतिनील पट्ट्यात अमाइन्स दिसतात, कबूल; पण तिथे बाकीचा सेंद्रिय गाळही दिसतो. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर मात्र व्होल्टेज पॉझिटिव्ह बाजूला नेलं की अमाइन्सचं ऑक्सिडेशन होऊन (ते इलेक्ट्रॉन सोडतात) आलेखावर करंटचं शिखर मिळतं, आणि निगेटिव्ह बाजूला नेलं की न तुटलेल्या अ‍ॅझो बंधाचं रिडक्शन होऊन (तो इलेक्ट्रॉन घेतो) त्याचं शिखर मिळतं.

आता टिकण्याचं. इलेक्ट्रोड खराब होतो, यात वादच नाही. ऑक्सिडेशनमधून निघालेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन पृष्ठभागावर थर धरतात, सांडपाण्यातले सर्फॅक्टंट (साबणासारखे पदार्थ) त्यात भर घालतात. ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर लागोपाठ मोजा, शिखर दर फेरीला बुटकं होत जातं. मग ओल्या पॅडवर ०.०५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना घेऊन इंग्रजी आठ (आपला नव्हे!) काढत घासत बसायचं. महाकंटाळवाणं काम. म्हणूनच छापील, एकदा वापरून फेकायचे इलेक्ट्रोड आले. नमुन्यातल्या इतर घटकांनी शिखर दबतं त्यावरही उपाय आहे: त्याच नमुन्यात, जो रंग मोजायचा त्याचीच माहीत असलेली मात्रा थोडीथोडी घालायची आणि शिखर किती वाढतं यावरून मूळ प्रमाण काढायचं. हे न करता स्वच्छ बफरमध्ये रंग विरघळवून नॅनोमोलरच्या (अतिसूक्ष्म प्रमाणही मोजल्याच्या) बढाया मारणारे निबंध मीही बाजूला ठेवतो.

खरी दुखरी नस तुमच्या नजरेतून सुटली. एकाच पाण्यात चार अ‍ॅझो रंग असले तर त्यांची शिखरं एकमेकांवर चढतात, कुठलं कुणाचं ते कळत नाही. तेव्हा आधी क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करायचे आणि इलेक्ट्रोड डिटेक्टर म्हणून शेवटी बसवायचा. निगेटिव्ह बाजूला तर विरघळलेला ऑक्सिजनही करंट देतो, त्यामुळे मोजण्याआधी नमुन्यातून नायट्रोजन सोडून तो हाकलावा लागतो. नाल्याच्या काठी सिलिंडर घेऊन हे करणं जिकिरीचं आहे. तिथे मी आधी अमाइन्सची बाजूच मोजेन.