कुणाचं मीठ, कुणी खाल्लं?

काल, 17 मार्च 2025 ला, रवांडाने बेल्जियमशी राजनैतिक संबंध तोडले. बेल्जियन अधिकाऱ्यांना देश सोडायला 48 तास दिले. आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने ती बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "ज्याचं खायचं त्यालाच लाथ. खाल्ल्या मिठाला न जागणारी जात." त्यावर सहा अंगठे. माझा चहा तिथेच गार झाला.

मी तीन वर्षं रवांडाच्या राजधानीत, किगालीत, नोकरी केली आहे. पहिल्याच महिन्यात ऑफिसच्या ड्रायव्हरने मला कँप किगाली या लष्करी तळावर नेलं. 1994 साली हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी लोकांचा नरसंहार सुरू केला, तेव्हा 7 एप्रिलला तिथे यूएनच्या शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले. त्यांच्या आठवणीसाठी दगडाचे दहा खांब आहेत, प्रत्येकावर त्या सैनिकाच्या वयाइतक्या खाचा. हा गडी एका खांबापाशी उभा राहून बोटाने खाचा मोजत होता. मला वाटलं, टाइमपास करतोय. गाडीत बसल्यावर म्हणाला, "माझी आत्या त्या शाळेत होती."

कुठली शाळा, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. किचुकिरोतली ईटीओ ही तांत्रिक शाळा. सुमारे दोन हजार माणसं तिथे यूएनच्या बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर थांबली होती. 11 एप्रिलला सैनिक गाड्यांत बसून निघून गेले. बाहेर मारेकरी ताटकळतच होते.

आता सांगा मला मिठाचं!

ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापायला कुणी लावलं? 1930च्या दशकात याच बेल्जियन साहेबांनी. 1962 पर्यंत राज्य केलं, मग दाते झाले. त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान फेरहोफस्टाट 2000 साली किगालीत येऊन 1994 बद्दल माफी मागून गेले, तेवढं मानतो. आपल्यावर राज्य केलेल्यांना अजून ते जमलेलं नाही.

आणि मदतीचं म्हणाल, तर 2024 ते 2029 चा 9.5 कोटी युरोंचा कार्यक्रम फेब्रुवारीतच रवांडाने स्वतः थांबवला. "ठेवा तुमचे पैसे" म्हणणाऱ्याला मिंधा कसं म्हणता?

हो, काँगो आहेच. तिथली गोमा आणि बुकावू ही शहरं एम-23 या बंडखोर गटाने घेतली. त्यांच्यामागे रवांडाचं सैन्य आहे असं यूएनचे तज्ज्ञ सांगतात, किगाली नाकारते. तो नकार मलाही पटत नाही. बेल्जियमने त्यावरून रवांडावर निर्बंधांचा आग्रह धरला यात सगळंच चूक नव्हतं. बास.

पण तो खांब डोळ्यांसमोरून हलत नाही. मोजून झाल्यावर त्याने शेवटच्या खाचेवर बोट तसंच ठेवलं होतं. बेल्जियनांबद्दल वाईट शब्द त्याच्या तोंडून मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नाही. चिडतोय मी, नाशकात बसून.

दुपारी त्याला मेसेज केला, काय म्हणतात तिकडे लोक? राजकारणाचा एक शब्द नाही. धाकटीला बेल्जियमच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, सप्टेंबरपासून. वकिलात बंद झाली तर व्हिसाचे कागद कुठे द्यायचे, तुम्हाला काही कळलं का, एवढंच विचारलंय.

तासभर शोधतोय. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.