बॉक्स आला, आयडलर आर्म तोच

पप्याने आल्या आल्या जाहीर केलं, "स्टेअरिंग बॉक्स आला!" स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारी ही दातेरी पेटी कुठल्या गाडीची, हे कुणी विचारलं नाही. दोन महिने त्याच्या जुन्या गाडीशिवाय दुसरा विषयच नाही.

"१२.७ ला १ गुणोत्तराचा!" त्याने हवेतच चाक फिरवलं. "आत्ताचा २४ चा, बिनपॉवरचा. आता बोट लावलं की गाडी वळणार. रेसिंग कार, रेसिंग!"

"बोट लावलं की वळेल," नाना म्हणाले, "आणि तू शिंकलास तरी वळेल."

मास्तरांनी हिशेब मांडला. २४ ला १ म्हणजे पिटमन आर्म, बॉक्सबाहेरचा चाकं वळवणारा दांडा, १५ अंश हलवायला स्टेअरिंगचा पूर्ण फेरा, १२.७ ला अर्ध्याहून जरासा जास्त. हात कमी फिरतात, पण जोर जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून पॉवर स्टेअरिंगचा पंप हवाच. "आणि पंपाचे पाइप बसतात का बघितलंस? जुन्यांना फ्लेअरची, म्हणजे पसरट तोंडाची टोकं असतात, नव्यांना ओ-रिंगची, म्हणजे रबरी कडीची."

पप्याने ते बघितलं नव्हतं. "बसतील हो! नाहीतर ठोकून बसवू."

"तुझ्या लग्नातला सूट असाच ठोकून बसवला होता," मास्तर म्हणाले.

नाना मात्र हसले नाहीत. "गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, ही तुझी तक्रार. दात हलतायत आणि तू नवा ब्रश आणलास."

नानांचं म्हणणं मला पुरतं पटतं, कारण रविवारी त्या गाडीखाली मीच होतो. चाकं जमिनीवर ठेवून पप्या स्टेअरिंग जरा इकडे-तिकडे हलवत होता. बॉक्सचा आर्म लगेच हलायचा. पुढे आयडलर आर्म, म्हणजे दुसऱ्या बाजूने जोडदांड्याला आधार देणारा हात, आधी वरखाली व्हायचा आणि मग कुठे चाकाला खबर लागायची. बॉक्स बिचारा शाबूत होता.

"पण मी बॉक्सवरचा स्क्रू आवळला तेव्हा प्ले, तो ढिलेपणा, गेला होता," पप्या म्हणाला.

"आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येणं बंद झालं, ते?" नानांचा आवाज चढला. "मधल्या जागी दात आधीच सगळ्यात घट्ट बसतात. तिथे जास्त आवळलास की दातच खाऊन टाकतोस. आधी आयडलर, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, हे सांधे बघ. मग कास्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आसाचा मागचा कल. जुनं माप त्या काळच्या टायरांचं. तू रेडिअल घातलेस, पॉवरही येतेय, तर कास्टर वाढव, गाडी सरळ धरेल. त्यानंतर घाल तुझा १२.७, मी स्वतः येतो बसवायला."

पप्या विरघळला. "मग या रविवारी? पिटमन आर्म काढायला तुमचा पुलर आणा."

"माझा पुलर?" नाना उठूनच उभे राहिले. "तो दोन वर्षं तुझ्याच डिकीत आहे!"

मास्तर तर कट्ट्यावरून घसरलेच. पुलर नक्की कुणाचा, यावरच मग अंधार पडला.