पायलटचं म्हणे!

आज दुपारपासून डोकं फिरलंय. इथे अमेरिकेत हडसन नदीकाठच्या एका गावात जुन्या कपड्यांच्या दुकानात गेले होते. कॉलेजातला एक मुलगा तपकिरी चामडी जाकीट घालून आरशासमोर उभा, आणि दुकानदार त्याला सांगतोय, दुसऱ्या महायुद्धातल्या पायलटचं आहे. मागे कमरेला पट्टा, पाठीला चुण्या, आत लष्करी कंत्राटाचा शिक्का नाही की काही नाही. अमेरिकन वैमानिकांच्या ए-२ जाकिटाची पाठ एका अखंड कातड्याची असते, पट्टा नसतोच. हे मी बोलले. दुकानदार नुसता हसला. 'पायलट' म्हटलं की किंमत तिप्पट होते, त्याला काय!

मला राग का येतो ते सांगते. माझे बाबा धारावीत चाळीस वर्षं चामडं शिवत होते. ते इथे माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी असंच एक 'पायलटचं' जाकीट हौसेने घेतलं होतं. अस्तर फाटलेलं. बाबांनी आपली रापी (चामडं कापायची) आणि आरी (टाक्यांसाठी भोक पाडायची) सोबत आणलीच होती. खालची शिवण उसवली आणि आतून टेबलावर भुसा सांडला. लाकडाचा, बारीक, पिवळट. खिशाला भोक होतं, त्यातून वर्षानुवर्षं खाली साचलेला. बाबांनी चिमटीत धरून वास घेतला. म्हणाले, "अगं, कुठला पायलट? हा सुतार होता."

तो भुसा डोळ्यांसमोरून जात नाही.

विमानं आली त्याच्या आधीपासून उघड्या मोटारी चालवणारे लोक वाऱ्यापासून वाचायला चामडी कोट घालत होते. पहिले वैमानिक तेच घालून वर गेले. अमेरिकन लष्कराने १९२७ मध्ये ए-१ घेतलं: पुढे बटणं, गळ्याला-मनगटाला-कमरेला विणलेली लोकरी पट्टी. गोल्फ खेळणारे, शिकारीला जाणारे तेव्हा तसंच घालत होते. १९३१ मध्ये ए-२ आलं, बटणांच्या जागी चेन. पण मोटारसायकलवाल्यांच्या परफेक्टो जाकिटाला चेन १९२८ मध्येच लागली होती. आणि ए-२ शिवली कुणी? लेबलं वाचा. 'पेरी स्पोर्ट्सवेअर', 'वर्बर स्पोर्ट्सवेअर'. शिकागोचा डुबो तर खेळाचं सामान बनवणारा. नावातच सगळं आलं ना!

ब्रिटिशांकडेही तेच. सिडनी कॉटन हा वैमानिक पहिल्या महायुद्धात इंजिनावर काम करता करता घाईत तसाच उडाला, अंगात तेलकट कामाचे कपडे. बाकीचे गारठून उतरले, त्याला थंडी वाजली नाही. त्यावरून त्याने १९१७ मध्ये वैमानिकांसाठी 'सिडकॉट' सूट केला. मेकॅनिकचे कपडे हो, मेकॅनिकचे!

बरं, मान्य. ब्रिटिश वैमानिकांचं अर्विन नावाचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट खास उडण्यासाठीच केलेलं. आणि ए-२ च्या पाठीवर विमानाचं चित्र रंगवून गेलेली कितीतरी पोरं परत आली नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही.

पण म्हणून प्रत्येक चामडी जाकीट त्यांचंच? आइन्स्टाइन १९३० च्या दशकात जे 'लिव्हाइज' कंपनीचं चामडी जाकीट रोज अंगात घालायचा, तेही याच जातकुळीतलं. २०१६ मध्ये लंडनला लिलावात १,१०,५०० पौंडांना गेलं. शास्त्रज्ञाचं म्हणून मोल आलं. पायलटचं म्हणून येतं. सुताराचं म्हणून कधी येणार? दूधगाडी हाकणाऱ्याचं, ट्रक चालवणाऱ्याचं? ज्याने घोड्याच्या जाड कातड्यात आरी घालून टाके घातले, त्याचं तर नावसुद्धा कुणी घेत नाही.

हे लिहिता लिहिता जरा शांत झाले. बाबांनी तेव्हा नवं अस्तर घातलं, इतके सारखे टाके की मापून बघावेत. खिशाचं भोकही शिवलं. भुसा मात्र फेकू दिला नाही. कागदाची पुडी करून आतल्या खिशात ठेवली. "त्याचं आहे, त्यात राहू दे," म्हणाले. अजून तिथेच आहे.

मगाशी त्यांना फोन करून आजचं सगळं सांगितलं. दुकानदारावर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या पोराला सांगायचंस, खिसा उलटा करून बघ म्हणून."

मला सुचलंच नाही. तोवर तो पैसे देऊन निघून गेला होता.