बसू नये

गर्दी नको म्हणून इंग्लंडमधलं, फारसं कुणी जात नाही असं एक मॅनर हाउस, म्हणजे जमीनदाराचा जुना वाडा, मी शोधून काढलं. तिथेच फसलो. गर्दीतून माणसाला सटकता तरी येतं. इथे खोल्या चौदा आणि प्रेक्षक मी एकटा. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक आजी नाहीतर आजोबा, सकाळपासून श्रोत्याची वाट बघत बसलेले.

बसलेले. म्हणजे त्यांना खुर्ची होती.

पहिल्या आजींनी विटांनी बुजवलेली खिडकी दाखवली. १६९६ ते १८५१ या काळात तिथे खिडक्या मोजून कर घेत, तो चुकवायला लोक खिडक्याच बुजवत. मी मनापासून "अरे वा!" म्हणालो. शब्द मराठी होते, पण भाव पोचला. आजींनी पुढच्या खोलीतल्या आजोबांकडे असं पाहिलं, की गिऱ्हाईक चांगलं आहे, सोडू नका.

कर भरून ज्या खिडक्या राखल्या, त्यांवर आता पडदे. जुन्या कापडांचे रंग विटू नयेत म्हणून उजेड जेमतेम ५० लक्स. त्या अंधुकात मी पुरुषभर उंचीच्या तैलचित्रातल्या बाईंना "एक्स्क्यूज मी" म्हणून वाट मागितली. (त्या हलल्या नाहीत. खानदानी.)

मग लांबच लांब गॅलरी. पावसाळी दिवसांत मालकांना घरातल्या घरात फेऱ्या मारता याव्यात म्हणून बांधलेली. त्यांचा व्यायाम झाला, माझे गुडघे गेले. तेवढ्यात मखमली गादीची खुर्ची दिसली. गादीवर एक वाळकं काटेरी बोंड. कुणीतरी विसरलं असेल म्हणून उचललं आणि टेकणार, तोच आजोबा आनंदाने धावत आले. "अरे, टीझल सापडलं का तुम्हाला!"

'बसू नये' अशी पाटी लावणं बरं दिसत नाही, म्हणून बोंड ठेवतात म्हणे. पूर्वी याच बोंडांनी लोकरी कापडाची लव उभी करत. हे सगळं मी वीस मिनिटं ऐकलं. उभ्याने, बोंड हातात धरून.

शेवटी बागेत पळालो. मोकळं हिरवळीचं मैदान, पार टोकाला मेंढ्या. तरातरा निघालो तर पुढे अचानक खंदक. कुंपण डोळ्यांना खुपू नये आणि गुरंही बागेत शिरू नयेत, म्हणून खणलेला. त्याला म्हणतात 'हा-हा'. थट्टा नव्हे, खरंच तेच नाव आहे.

मी त्याच्या भिंतीच्या काठावर पाय सोडून बसलो. पलीकडून एक मेंढी माझ्याकडे बघत होती. तिला काहीही सांगायचं नव्हतं.