मडफ्लॅप आखूड का बसवले: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की चाकामागे चिखल अडवायला लावतात ते रबरी फ्लॅप लांब मागितले तरी आम्ही आखूड बसवले, खाली लोखंडी पट्टी लावायला नाही म्हटलं, चार फ्लॅपना अख्खी दुपार लावली, रस्त्यावर हेच काम निम्म्या पैशांत होतं, आणि एवढं करून मागचा फाळका मातीने लाल व्हायचा तो होतोच. गाडी तुमची, पैसे तुमचे, तेव्हा जाब विचारायचा हक्कही तुमचाच. कुडाळच्या आमच्या दुकानात मासळीवाले आणि चिरेवाले हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लांबी. तुमची बोलेरो पिकअप आमच्याकडे आली ती रिकामी. रिकामी गाडी मागून उचललेली असते. मासळीचे क्रेट आणि बर्फ चढला की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि फ्लॅपची खालची कड तीन-चार इंच खाली येते. तुम्ही म्हणत होता तसे जमिनीपासून ४ इंचांवर ठेवले असते, तर भरल्या गाडीला ते रस्ता झाडत गेले असते. घासून झिजले असते, तेही एक वेळ चाललं असतं. खरी भीती रिव्हर्सची. बंदरावर किंवा वाडीतल्या अरुंद पाणंदीत गाडी मागे घेताना टायर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडावर चढतो, लोंबणारा फ्लॅप दगड आणि टायरमध्ये सापडतो आणि उलटा फिरणारा टायर त्याला खाली खेचतो. चांगलं रबर अशा वेळी तुटत नाही, तेच वाईट. ब्रॅकेट वाकतो, हौद्याचा पत्रा बोल्टासकट फाटून येतो. अशा गाड्या पावसाळ्यात आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या वेल्डिंगचा खर्च फ्लॅपच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. म्हणून तुमचे मागचे फ्लॅप रिकाम्या गाडीला ८ इंचांवर ठेवले.

मग तेवढ्यात चिखल अडतो का? अडतो, पण फ्लॅप टायरपासून किती मागे आहे त्यावर ते ठरतं. टायर जिथे जमिनीला टेकतो, तिथून फ्लॅपच्या खालच्या कडेपर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. खडे आणि चिखल या रेघेच्या खालून निसटतात, वरचे फ्लॅपवर आदळतात. टेकण्याच्या जागेपासून १५ इंचांवर फ्लॅप असेल तर तो ४ इंच उंच ठेवावा लागतो. तोच ३० इंच मागे नेला की ८ इंचांवरही रेघ तीच राहते. आम्ही तो मुद्दाम मागे नेला. अडवतो तेवढंच, आणि रिव्हर्सला टायरच्या तावडीत सहजासहजी येत नाही. रुंदीही टायरच्या पूर्ण पट्ट्यापेक्षा थोडी जास्तच घेतली आहे.

फाळक्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि ओल्या रस्त्यावरचा बारीक फवारा त्या पोकळीत ओढला जाऊन फाळक्यावर बसतो. जांभ्याची माती इतकी बारीक की ती पाण्याबरोबरच येते. कोणताही फ्लॅप, अगदी जमिनीला टेकवलेला, हे पूर्ण थांबवणार नाही. फ्लॅपचं काम आहे हौद्याची खालची कड, वायरिंग आणि ब्रेकचे पाइप खड्यांपासून वाचवणं, आणि फोंडा घाटात तुमच्या मागे पावसात भिजत येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडी-चिखल जाऊ न देणं. आमच्या लेखी हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे.

लोखंडी पट्टी याच कारणासाठी नाकारली. फ्लॅप वाऱ्याने मागे उडू नये म्हणून ती लावतात. पण खड्ड्यात गाडी आपटली की ती झुलून टायरवर बसते, आणि एखाद दिवशी निखळली तर मागच्याच्या अंगावर जाते. त्याऐवजी जाड कॅनव्हास रबर घेतलं आणि मागून सळीचा आधार दिला. प्लॅस्टिकचे स्वस्त पडले असते, पण उन्हात ते कडक होतात आणि दगड लागला की तडकतात.

वेळ आणि पैसे. तुमच्या चेसिसचं मागचं टोक तुम्ही खाली वाकून एकदा बघा. बर्फाचं खारं पाणी तिथेच ठिबकतं, आणि आम्ही माती खरवडली तेव्हा गंजाचे पापुद्रे हाताला येत होते. त्या पत्र्यात नुसते स्क्रू पिळले असते तर अर्ध्या तासात गाडी सोडता आली असती. तसं न करता घट्ट लोखंड मिळेल तिथे भोकं घेतली, भोकांच्या कडा घासून झिंक प्रायमर मारला, तो वाळू दिला, मग मोठे वायसर आणि हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट लावून आवळलं. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वरून खारा वारा. उघडं राहिलेलं भोक इथे गंजल्याशिवाय राहत नाही. पुढचे दोन लावताना स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर घासत नाही ना, तेही पाहिलं. दुपार त्यात गेली.

तरीही भरल्या गाडीला फ्लॅप उंच वाटत असतील, तर मागच्या ब्रॅकेटला आम्ही लांबट भोकं ठेवली आहेत. त्यात इंचभर खाली घेता येतात, त्याचे पैसे घेणार नाही. फक्त गाडी माल भरलेली आणा. घाटाकडे जाताना वाटेत थांबलात तरी चालेल, टेप लावून तुमच्यासमोरच मोजू आणि तिथल्या तिथे आवळून देऊ.